घसरणे हाच ब्रेक

डोंगरातला वळणावळणाचा डांबरी रस्ता. एका लांबट फळीवर उभा राहून एक तरुण भन्नाट वेगाने खाली येतो आहे. वळण जवळ येताच तो एकदम खाली बसतो, एक हात रस्त्याला टेकवतो, फळी आडवी होते, चाकांचा कर्कश आवाज येतो आणि दोन-तीन सेकंदांत फळी पुन्हा सरळ करून तो पुढे निघून जातो. असे व्हिडिओ आता घरोघरी मोबाइलवर पाहिले जातात. आईवडिलांना त्यात जिवाशी खेळ दिसतो, मुलांना पराक्रम. माझ्या मते दोघेही एकाच गोष्टीबद्दल फसतात. हात टेकवून केलेली ती घसरण, जिला या खेळात ‘स्लाइड’ म्हणतात, हा पराक्रमही नाही आणि वेडेपणाही नाही. तो ब्रेक आहे.

लाँगबोर्डला सायकलसारखा ब्रेक नसतो. सपाटीवर एक पाय जमिनीवर घासत थांबता येते. उताराने जरा वेग दिला की पायाने थांबणे जमेनासे होते, कारण चालत्या फळीवर एका पायावर तोल सांभाळत दुसऱ्याने रस्ता घासायचा असतो. उडी मारून उतरणे जमते ते आपण जितक्या वेगाने पळू शकतो तितक्या वेगापर्यंतच. त्यापुढे उरते फक्त स्लाइड. म्हणून या विषयावर माझे मत सरळ आहे : ज्याला स्लाइड येत नाही त्याने उतारावर जाऊ नये, आणि ज्याच्याकडे योग्य साहित्य नाही त्याने स्लाइड शिकायला जाऊ नये. आपल्याकडे नेमके उलटे घडताना दिसते. आधी फळी येते, मग उतार शोधला जातो, आणि हेल्मेटचा विषय पहिल्या पडण्यानंतर निघतो.

लाँगबोर्ड हा स्केटबोर्डचाच भाऊ. टोकियो ऑलिम्पिकमध्ये २०२१ साली पहिल्यांदा दिसला तो स्केटबोर्ड आखूड, कडक आणि लहान चाकांचा. उड्या आणि कसरतींसाठी बनवलेला. लाँगबोर्ड लांब असतो, त्याची चाके मोठी आणि मऊ असतात आणि तो लांब पल्ला कापायला किंवा उतारावरून यायला वापरतात. दोन्हींचे मूळ कॅलिफोर्नियातल्या समुद्रलाटांवर फळी चालवणाऱ्या मुलांकडे जाते. सुरुवातीची चाके धातूची किंवा भाजलेल्या मातीसारख्या मिश्रणाची असत. रस्त्यावरचा बारीक खडासुद्धा त्यांना अडवून स्वाराला तोंडावर पाडी. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला फ्रँक नॅसवर्दी या तरुणाने युरेथेन या रबरासारख्या प्लास्टिकची चाके बाजारात आणली आणि खेळच बदलला. चाक रस्त्याला धरू लागले, वळणे घेता येऊ लागली, आणि अर्थातच वेग वाढला. वेग वाढल्यावर थांबायचे कसे हा प्रश्न आला. त्याचे उत्तर ज्यांनी शोधले त्यांत बर्कलीच्या टेकड्यांवर फळी चालवणाऱ्या क्लिफ कोलमन यांचे नाव सगळ्यात आधी घेतले जाते. उताराच्या रस्त्यावर खाली बसून, हातमोजा घातलेला हात टेकवून फळी आडवी फिरवण्याची त्यांची पद्धत आजही ‘कोलमन स्लाइड’ म्हणूनच शिकवली जाते. पन्नास वर्षांत फळ्या बदलल्या, चाके बदलली; नवशिक्याचा पहिला धडा मात्र तोच राहिला आहे.

आता थोडे शाळेतले भौतिकशास्त्र. समजा एका रस्त्याचा वरचा आणि खालचा भाग यांच्या उंचीत दहा मीटरचा, म्हणजे साधारण तीन मजल्यांचा, फरक आहे. घर्षण आणि हवेचा विरोध क्षणभर बाजूला ठेवला तर त्या उतारावरून येणारी कोणतीही वस्तू तळाशी ताशी ५० किलोमीटर वेगाने पोहोचते. रस्ता कितीही लांब असो, निष्कर्ष तोच; उंचीतला फरक महत्त्वाचा. प्रत्यक्षात हवा आणि चाके थोडा वेग खातात, पण सौम्य वाटणारा उतारही किती देतो याची कल्पना यावी. हेच गणित उलटे फिरवून पाहा. ताशी २० किलोमीटर वेगाने भिंतीवर आदळणे म्हणजे दीड मीटरवरून पडणे. ताशी ३० किलोमीटरला साडेतीन मीटर. ताशी ४० किलोमीटरला सहा मीटरहून जास्त, म्हणजे दुसऱ्या मजल्याच्या गच्चीतून खाली पडण्यासारखे. वेग दुप्पट झाला की जिरवायची ऊर्जा चौपट होते. डोळ्यांना मात्र वेग फक्त दुपटीनेच वाढलेला दिसतो. नवशिके फसतात ते इथेच.

या आकड्यांशेजारी हेल्मेटचा आकडा ठेवून पाहायला हवा. सायकल, स्केटबोर्ड आणि रोलर स्केटसाठीचे युरोपीय मानक ईएन १०७८ आहे. त्यात हेल्मेट सपाट पृष्ठभागावर साधारण दीड मीटर उंचीवरून आदळवून तपासतात. सायकलच्या हेल्मेटसाठीची अमेरिकी चाचणी थोडी कडक, साधारण दोन मीटरची. या उंची उगाच निवडलेल्या नाहीत. उभा माणूस जागच्या जागी पडला तर त्याचे डोके साधारण तेवढ्या उंचीवरून खाली येते. हेल्मेटच्या आतला कडक फेस त्या क्षणी चिरडला जातो, दोनेक सेंटिमीटरमध्ये डोक्याचा वेग जिरवतो, आणि कवटी वाचते. म्हणजे हेल्मेट हे खाली पडण्यासाठी बनवलेले असते. ताशी ४० किलोमीटरने उभ्या टेम्पोवर आदळण्यासाठी ते बनवलेले नाही, आणि तशी अपेक्षा त्याच्याकडून ठेवणे त्याच्यावर अन्याय आहे. ‘हेल्मेट घातलंय ना, मग जाऊ द्या’ हे वाक्य म्हणूनच मला पटत नाही. हेल्मेट हवेच, त्यावर चर्चा नाही. पण आडवा वेग जिरवण्याचे काम हेल्मेट करत नाही. ते काम घसरण करते.

आणि हेच या साहित्याचे मर्म आहे, जे दुकानात कुणी सांगत नाही. डोक्यावरचे सोडले तर स्लाइड शिकणाऱ्याच्या अंगावरच्या बाकी प्रत्येक वस्तूत एकच गुण लागतो : ती रस्त्यावरून घसरली पाहिजे. रस्त्याला चिकटली की संपले. शरीर पुढे जात असते आणि टेकलेला भाग एकाएकी थांबतो. मग मनगट, कोपर, खांदा यांपैकी जे कमजोर असेल ते तुटते. मोकळ्या तळहातावर पडल्यावर नेमके हे होते. कातडी डांबराला धरते, हात थांबतो, मागून सगळे शरीर त्यावर येते.

स्लाइडच्या हातमोज्याची रचना बघितली की हे लगेच लक्षात येते. जाड चामड्याचा किंवा मजबूत कापडाचा मोजा, तळहातावर वेल्क्रो, आणि त्यावर चिकटवलेली जाड, कडक प्लास्टिकची गोल चकती. खेळाडू तिला ‘पक’ म्हणतात. ही चकती डांबरावर इतकी सहज सरकते की हात टेकवूनही तो अडकत नाही. स्वार तिसऱ्या पायासारखा तो हात वापरतो. झिजली की चकती बदलायची, मोजा तोच राहतो. अनेक जण जुन्या प्लास्टिकच्या चॉपिंग बोर्डाचे गोल तुकडे कापून घरीच चकत्या बनवतात, आणि त्यात वाईट काही नाही. फक्त कडा घासून गोलाकार कराव्या लागतात. धारदार कड रस्त्यातल्या भेगेत अडकते. मोटारसायकलचे किंवा जिमचे हातमोजे या कामाला चालत नाहीत. ते कातडी सोलण्यापासून वाचवतील, पण घसरणार नाहीत. बोटांचेही एक भान ठेवावे लागते : टेकायची ती चकती, बोटे वर उचललेली. बोटे चकतीखाली गेली की ती आधी रस्त्याला भेटतात.

गुडघ्याच्या पॅडलाही हाच नियम. बाहेरून कडक प्लास्टिकची वाटी असलेले पॅड हवे. व्हॉलीबॉल किंवा कबड्डीसाठी मिळणारे मऊ कापडी पॅड लाकडी फरशीवर, मॅटवर उत्तम. डांबरावर ते धरून बसतात. चांगले पॅड असेल तर काही बिनसतेय असे वाटताच दोन्ही गुडघ्यांवर बसून घसरत थांबता येते, आणि नवशिक्याला ही सुटकेची वाट आधी यायला हवी. कोपरांना तसेच पॅड. बूट पायात घट्ट बसणारे, सपाट रबरी तळव्याचे. चप्पल आणि सँडल घालून फळीवर चढणाऱ्यांबद्दल मी काही लिहीत नाही.

हेल्मेट घेताना आत चिकटवलेली मानकाची पट्टी वाचावी. स्केटिंगसारखी दिसणारी, आत नुसता स्पंज भरलेली स्वस्त टोपी बाजारात सर्रास मिळते आणि तिच्यावर कसलेच मानक नसते. स्केटबोर्डवाला बऱ्याचदा मागे पडतो, म्हणून डोक्याची मागची बाजू खालपर्यंत झाकणारे हेल्मेट निवडावे. ते कपाळावर दोन बोटांच्या अंतरावर बसले पाहिजे आणि पट्टा लावून मान हलवली तरी सरकता कामा नये. घरातले स्कूटरचे हेल्मेट चालेल का, हा प्रश्न पालक हमखास विचारतात. आपले आयएस ४१५१ हे मानक दुचाकीस्वारांच्या हेल्मेटसाठी आहे आणि ते डोक्याला भक्कम संरक्षण देते. काहीच नसण्यापेक्षा ते केव्हाही बरे. पण ते जड असते, मागून येणारी गाडी ऐकू येत नाही, आणि बाबांचे हेल्मेट बारा वर्षांच्या मुलाच्या डोक्यावर डुगडुगते. डुगडुगणारे हेल्मेट निरुपयोगी. एकदा जोरात आपटलेले कडक फेसाचे हेल्मेट बाहेरून कितीही चांगले दिसले तरी बदलायचे, कारण आतला चिरडलेला फेस पुन्हा चिरडला जात नाही.

मनगटाच्या संरक्षणाचे महत्त्व किती, याचा एक जुना पण भक्कम पुरावा आहे. १९९६ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये इनलाइन स्केटिंग करणाऱ्यांच्या दुखापतींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. मनगटाचे संरक्षक न घालणाऱ्यांत मनगटाला दुखापत होण्याची शक्यता घालणाऱ्यांच्या सुमारे दहापट आढळली. कोपराच्या पॅडबाबतही आकडा जवळपास तसाच होता. तो अभ्यास स्केट्सचा होता, लाँगबोर्डचा नव्हता, हे खरे. पण पडताना माणूस हात पुढे करतो ही प्रतिक्रिया दोन्हीकडे एकच आहे. मग स्लाइडच्या मोज्यांऐवजी स्केटिंगचे कडक पट्टीवाले मनगट-संरक्षक चालतील का? सपाटीवर तोल शिकताना जरूर चालतील. स्लाइडसाठी तळहात रस्त्यावर सपाट टेकावा लागतो आणि ती पट्टी नेमकी आड येते. काही मोज्यांना मनगटाचा आधार जोडलेला असतो. परवडत असेल तर सुरुवातीला तेच घ्यावेत.

चाकांबद्दल जरा सविस्तर लिहायला हवे, कारण साहित्य म्हणताच सगळ्यांच्या डोळ्यांपुढे फक्त पॅड येतात. स्लाइड म्हणजे चारही चाकांनी एकाच वेळी रस्त्याची पकड सोडणे. गोल फिरणाऱ्या चाकाला पुढे जायला फारसा विरोध नसतो. तेच चाक आडवे ढकलले तर ते रस्त्याला घट्ट धरते. फळी आडवी करून चाकांना जबरदस्तीने सरकवले की युरेथेनचा बारीक थर घासून निघतो, उष्णता तयार होते, रस्त्यावर रेघा उमटतात आणि तेवढा वेग कमी होतो. चाके किती सहज सुटतात हे त्यांच्या कडकपणावर आणि कडेच्या आकारावर ठरते. कडकपणा आकड्यात लिहिलेला असतो. ७८ए हे मऊ आणि पकड धरणारे चाक. ८० ते ८६ए च्या आसपासचे थोडे कडक, लवकर सुटणारे. धारदार, चौकोनी कडांची मोठी मऊ चाके शर्यतीसाठी असतात. वळणावर सुटू नयेत हाच त्यांचा हेतू. नवशिक्याला हवी गोलसर कडांची, थोडी कडक, फार मोठी नसलेली चाके, शक्यतो आधीच घासून खरखरीत केलेली. कोऱ्या चाकाचा गुळगुळीत थर उतरेपर्यंत त्याचा अंदाज येत नाही. ऑनलाइन घेतलेल्या तयार लाँगबोर्डला बहुधा फिरण्यासाठीची मऊ चाके असतात. त्यावर स्लाइड शिकायला जाणे म्हणजे हातब्रेक लावून गाडी शिकण्यासारखे आहे, फरक इतकाच की इथे गाडी बंद पडत नाही, स्वार फेकला जातो.

फेकला जातो तो का, हे समजून घेणे स्लाइड शिकण्यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे. चाके सुटायला आडवा जोर लागतो, आणि वळण घेताना निर्माण होणारा हा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग फार कमी असेल तर फळी आडवी केली तरी चाके सुटत नाहीत. ती रस्त्याला चावतात आणि वर उभा असलेला माणूस उतारावर पुढे भिरकावला जातो. म्हणजे हा असा विचित्र ब्रेक आहे की जो अगदी हळू असताना लागत नाही. दोन-चार वेळा असे आपटल्यावर शिकणारा आपल्या मनाशी ठरवतो की वेग वाढवला पाहिजे. तर्क बरोबर आहे, निर्णय धोक्याचा. चाके लवकर सुटावीत यासाठी वेग वाढवण्याआधी तीन गोष्टी करता येतात : कडक चाके लावायची, अजून खाली बसायचे, आणि वजन हातावर न टाकता पायांवर ठेवायचे. हात फक्त आधाराला असतो. खाली बसण्याचे दोन फायदे आहेत. गुरुत्वमध्य खाली आल्याने चाकांनी अचानक पकड घेतली तरी शरीर उलटत नाही. आणि पडलेच तर दोन फुटांवरून पडायचे असते, पाच फुटांवरून नाही. उभ्याने केलेली स्लाइड व्हिडिओत देखणी दिसते. ती वर्षभरानंतरची गोष्ट.

शिकण्याचा पहिला दिवस फळीविना घालवावा असे मी म्हणेन. सगळे साहित्य चढवून सोसायटीच्या पार्किंगमध्ये गुडघ्यांवर आणि हातांवर घसरून बघायचे. शेजारी हसतील. हसू द्या. पडताना घसरता येते हे शरीराला एकदा कळले की फळीवरची निम्मी भीती जाते, आणि घाबरलेला माणूसच ताठ होऊन वाईट पडतो. मग काही दिवस सपाटीवर फळी चालवणे, पायाने थांबणे, नागमोडी वळणे घेणे. स्लाइड हे त्या वळणाचेच टोक आहे. वळण नीट न घेणाऱ्याला स्लाइड येत नाही. त्यानंतर सौम्य उतार, ज्याच्या तळाशी लांब सपाटी किंवा चढ आहे, म्हणजे काहीच न करता फळी आपोआप थांबेल असा. तिथे टाचांच्या बाजूला खोल वळण घेत खाली बसायचे, चकती टेकवायची आणि नजर फळीकडे न ठेवता जिकडे वळायचे तिकडे, म्हणजे मागे उताराच्या वर, न्यायची. खांदे नजरेमागून जातात, फळी खांद्यांमागून. टाचांची बाजू पक्की झाल्यावर बोटांची बाजू. दोन्ही बाजूंनी, ठरवलेल्या ठिकाणी, दहापैकी दहा वेळा थांबता येईपर्यंत पुढच्या उताराचे नाव काढायचे नाही. थकल्यावर पाय थरथरतात आणि तेव्हाच मोडतोड होते. तासाभराने घरी जावे.

ओला रस्ता आणि वाळू यांवर वेगळे सांगायला नको, तरी सांगतो. ओल्या डांबरावर युरेथेन बर्फावर असल्यासारखे सुटते आणि थांबवणारे घर्षणच उरत नाही. पावसाळ्यात चार महिने हा खेळ बंद, हे आपल्याकडे सहज पाळता येण्यासारखे आहे. कोरड्या दिवशीही उतार आधी चालत जाऊन बघावा. खडी, सांडलेले ऑइल, भेगा, गटाराची जाळी, कुत्री.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो बिनबुडाचा नाही : साहित्य अंगावर चढले की मुले जास्त धाडस करतात. माणसाचा तो स्वभाव आहे. पण स्लाइडचा मोजा इतर साहित्यापेक्षा वेगळा आहे. तो अंगावर पडून राहणारे चिलखत नाही, ते काम करण्याचे अवजार आहे. त्याच्याशिवाय हात टेकवता येत नाही, हात टेकवता आला नाही तर खाली बसून शिकता येत नाही, आणि मग मुलगा उभ्यानेच, ब्रेक न शिकता, उतारावर जातो. साहित्य न देणे म्हणजे धाडस रोखणे नव्हे. धाडस रोखायचे असेल तर उतार रोखावा.

उताराचा मुद्दा आपल्याकडे सगळ्यात नाजूक आहे. महाराष्ट्रात घाट कमी नाहीत. वरंध, आंबेनळी, ताम्हिणी ही नावे ऐकूनच उतारावरच्या खेळाची चटक लागलेल्याच्या तोंडाला पाणी सुटेल. माझे उत्तर ठाम नकार आहे, आणि त्याला साहित्याची कोणतीही सबब चालणार नाही. वाहतूक चालू असलेल्या घाटात आंधळ्या वळणापलीकडून एसटी येते, मालाने भरलेला ट्रक येतो. समोरच्या चालकाला रस्त्यालगत बसलेला माणूस दिसण्याआधीच अंतर संपलेले असते, आणि स्लाइड करताना फळी रस्त्याची बरीच रुंदी घेते. अमेरिकी बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००२ सालीच सांगून ठेवले आहे की स्केटबोर्ड वाहतुकीजवळ चालवू नये, पाच वर्षांखालील मुलांना तो देऊच नये आणि दहा वर्षांखालील मुले मोठ्यांच्या नजरेखालीच हवीत. लहान मुलांचे डोके शरीराच्या मानाने मोठे, तोल कच्चा, आणि वेगाचा अंदाज त्याहून कच्चा. स्लाइडसाठी तर मी वयाची ती रेघ आणखी वर नेईन : कुमारवयाआधी सपाटीवर खेळू द्यावे, उतार नको.

पण नुसता नकार देऊन जबाबदारी संपत नाही. मुंबईत २०२२ मध्ये पोलिसांनी रविवारी सकाळी काही रस्ते वाहनांना बंद ठेवले होते आणि लोक तिथे सायकल, स्केट्स घेऊन उतरले होते. मोठ्या वसाहती, विद्यापीठांची आवारे, औद्योगिक वसाहतींतले सुट्टीच्या दिवशीचे ओस रस्ते यांत सौम्य उतार असतातच. महिन्यातल्या दोन रविवारी सकाळी दोन तास असा दीडशे मीटरचा रस्ता बंद ठेवायला मोठा खर्च येत नाही. दोन्ही टोकांना माणूस उभा करायचा आणि हेल्मेट-मोज्यांशिवाय कुणाला आत सोडायचे नाही. क्रीडांगणे, तरणतलाव बांधणाऱ्या महापालिकांना हे अशक्य आहे असे मला वाटत नाही. ही जागा मिळेपर्यंत मुले रात्री अकरानंतर उड्डाणपुलाच्या उतारावर जाणार, हे कुणीही समजून चालावे.

पडण्यानंतरचे दोन शब्द. डांबराने सोललेली कातडी वाहत्या स्वच्छ पाण्याने आणि साबणाने भरपूर धुवावी. आतली खडी, वाळू निघाली नाही तर जखम चिघळते आणि बरी झाल्यावरही काळे डाग कायमचे राहतात. हळद, टूथपेस्ट, कॉफी लावू नये. धनुर्वाताची लस कधी घेतली होती ते पाहावे. डोक्याला मार लागून मुलगा गोंधळला, उलटी झाली, डोके दुखू लागले, प्रकाश सहन होईना, तर हेल्मेट शाबूत असो वा नसो, त्या दिवशी तो पुन्हा फळीवर चढणार नाही आणि डॉक्टरांकडे जाईल. उलट्या वाढल्या, झोपेतून उठवता येईना किंवा झटका आला तर थेट रुग्णालय.

आणि मनगट. हात टेकून पडल्यावर अंगठा ताणला की त्याच्या मुळाशी मनगटाजवळ एक खळगा दिसतो. तिथे दाबल्यावर दुखत असेल तर स्कॅफॉइड नावाचे छोटे हाड मोडलेले असू शकते. या हाडाला रक्तपुरवठा दूरच्या टोकाकडून होतो. मोडले आणि दुर्लक्ष झाले तर जवळच्या तुकड्याचे रक्त तुटते, हाड जुळत नाही आणि तिशीतच मनगट कायमचे दुखू लागते. अडचण अशी की पहिल्या एक्स-रेमध्ये ही मोड बऱ्याचदा दिसत नाही. सूज फारशी नाही, बोटे हलताहेत, फिल्म स्वच्छ आहे, म्हणून घरचे लोक मालिश करणाऱ्याकडे नेतात आणि तो मनगट ओढून ‘बसवतो’. वाढत्या वयातल्या मुलांमध्ये तर हाडाच्या टोकाशी वाढीची पट्टी असते, तिथे असे ओढणे आणखी घातक. खळग्यात दुखत असेल तर डॉक्टर फिल्म स्वच्छ असूनही प्लास्टर घालतात आणि दहा ते चौदा दिवसांनी पुन्हा एक्स-रे काढायला बोलावतात, किंवा एमआरआय करून लगेच शहानिशा करतात. दुखणे कमी झाले म्हणून ती दुसरी तारीख चुकवू नये. नेमका तोच एक्स-रे महत्त्वाचा असतो.